वाढीची शीव कोणी दाखवावी ?

मर्यादित पृथ्वीवर अमर्याद वाढ चालू राहू शकत नाही, हे विधान आता फारसे कोणी नाकारीत नाही. वाद आहे तो पुढच्या वाक्याचा. थांबवायची ती कशाची वाढ आणि कोणाची ? माणसांच्या संख्येची, की माणसे जे वापरतात त्याची ? सगळ्यांच्याच वापराची, की काहींच्या ? आपल्या देशात हा प्रश्न गेल्या शंभर वर्षांत अनेकदा निघाला, आणि बहुतेक वेळा उत्तराचा पहिला हप्ता अशा घरांकडून वसूल झाला की ज्यांच्यात वाढण्यासारखे काही नव्हतेच. हा इतिहास त्या घरांच्या बाजूने मांडून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

मी हे कुरुळीत बसून लिहितो आहे. पुणे-नाशिक रस्त्यावरचे, खेड तालुक्यातले हे गाव. दक्षिणेला इंद्रायणी, उत्तरेला चाकण. एके काळी चाकणचे नाव कांदा-बटाट्याच्या बाजारामुळे माहीत होते. आज ते मोटारींच्या कारखान्यांमुळे देशभर माहीत आहे. त्यामुळे 'वाढ' हा शब्द आम्हाला पुस्तकात शोधावा लागत नाही. घराबाहेर पडले की तो समोर उभा असतो. आणि म्हणूनच त्याच्याविषयी बोलताना आम्हाला दोन्ही बाजूंनी सावध राहावे लागते.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. वाढीला विटलेली शहाणी माणसे पुष्कळदा जुन्या खेड्याकडे बोट दाखवतात. गरजा थोड्या, जे लागेल ते गावातच पिकणारे व घडणारे, निसर्गाशी मेळ राखून चाललेले जीवन. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर न वाढणारी, स्थिर अर्थव्यवस्था. हे वर्णन सर्वस्वी खोटे नाही. गावगाडा स्थिर होताच. पण तो कशाच्या बळावर स्थिर होता ? प्रत्येकाचा वाटा आणि प्रत्येकाचे काम जन्मानेच ठरवून टाकले होते, म्हणून तो स्थिर होता. तळाच्या माणसाच्या गरजा थोड्या होत्या, कारण त्या थोड्या ठेवल्या गेल्या होत्या. संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी खेड्याविषयीच्या भाबड्या प्रेमाचा जो कठोर समाचार घेतला, त्याचे मूळ या अनुभवात आहे.

महार वतनाचेच पाहू. येसकरकी करायची, सारा आणि सरकारी टपाल पोचवायचे, मेलेली जनावरे ओढायची, आल्यागेल्या अंमलदाराच्या पुढे धावायचे. आणि याच्या मोबदल्यात बलुते व हाडकी-हाडोळ्याचा तुकडा. १८७४ च्या वतन कायद्याने ही गुलामी कागदावर पक्की केली. पुढे भावकी वाढली, हाडोळा मात्र तेवढाच राहिला. मग पाळ्या लावल्या जात: यंदा या घराने राबायचे आणि खायचे, पुढल्या साली त्या घराने. ज्याची पाळी नाही त्याच्या पोटाची तरतूद कोठेच नव्हती. 'यंदा आमची पाळी नव्हती' एवढ्याच शब्दांत माझे आजोबा उपासमारीचे एखादे वर्ष सांगून मोकळे होत.

माल्थसने १७९८ साली लोकसंख्येवरचा आपला निबंध लिहिला. महारवाड्याने त्याचे नाव ऐकले नव्हते. पण जमिनीवर माणसांचा दाब पडला म्हणजे काय होते हे त्याला पुरते ठाऊक होते. फरक इतकाच की हा दाब सबंध शिवारावर नव्हता. तो एका तुकड्यावर होता. तुकड्याच्या पलीकडे गावाची जमीन पसरलेली होती. तेथे आम्हाला राबण्यापुरताच पाय ठेवता येई. आमची टंचाई आधी बांधाने निर्माण केली होती. संख्येने ती नंतर वाढवली. लोकसंख्येविषयीच्या सर्व चर्चेत हा क्रम विसरला जातो, आणि तो विसरला की सगळा हिशोब चुकतो.

बाबासाहेबांनी १९२८ साली या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मुंबई विधिमंडळात आणले. वतने प्रत्यक्ष संपुष्टात आणणारा कायदा यायला १९५८ साल उजाडावे लागले. जमिनी मूळ वतनदारांना परत मिळाल्या खऱ्या, पण शासनाच्या परवानगीशिवाय विकता येणार नाहीत अशा शर्तीने. शर्त संरक्षणासाठी होती. परंतु जेथे जमिनीचे भाव कडाडले तेथे शर्तीतून वाट काढणारे हुशार लोकही निर्माण झाले, हे कोणत्याही औद्योगिक पट्ट्यातला वतनदार सांगेल.

आता या भागाचाच एक जुना पुरावा पाहू. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाची घर न् घर पाहणी केली आणि ती १९१७ साली प्रसिद्ध झाली. आज या गावात उत्तुंग इमारती आहेत. तेव्हा ते मुळा-पवनेच्या परिसरातले साधे शेतकरी खेडे होते. मॅन यांना असे आढळले की १७७१ साली तेथे सरासरी धारणा ४० एकरांची होती, ती १९१५ पर्यंत ७ एकरांवर आली होती. जमिनीचे तुकडे पडत होते आणि बहुतेक खातेदारांचे पोट केवळ शेतावर भरत नव्हते. हा प्रश्न त्या काळी सर्वत्र चर्चेत होता. तुकडे एकत्र जोडा, वारसाहक्काला आळा घाला, असे उपाय सुचवले जात होते.

दुसऱ्याच वर्षी, १९१८ साली, बाबासाहेबांचा लहान शेतधारणेवरचा इंग्रजी निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी प्रश्नच वेगळ्या तऱ्हेने मांडला. धारणा लहान की मोठी हे एकरांवरून ठरत नाही. तिच्याबरोबर भांडवल आणि श्रम कोणत्या प्रमाणात आहेत यावरून ते ठरते. हिंदुस्थानात जमिनीवर असंख्य माणसे रिकामी बसलेली आहेत, कारण त्यांना दुसरे काम नाही. हे रिकामे श्रम म्हणजेच रोग. आणि औद्योगिकीकरण हा त्यावरचा उपाय. 'माणसे फार झाली' असे जेथे इतर म्हणत होते, तेथे 'माणसांच्या हातात साधन नाही' असे हा सत्तावीस वर्षांचा तरुण म्हणत होता. दलित चळवळ शहराच्या, यंत्राच्या आणि कारखान्याच्या बाजूने उभी राहिली ती या विचारामुळे. मीही त्याच बाजूचा आहे. गिरणीने आणि कारखान्याने आम्हाला पहिल्यांदा रोख पगार दिला, आणि रोख पगार घेणाऱ्याला पाटलाच्या दारात भाकरीसाठी उभे राहावे लागत नाही.

याचा अर्थ बाबासाहेबांनी संख्येचा प्रश्न टाळला असा नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१ पासून मुंबईत संततिनियमनाचे कार्य चालवले, १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले. त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा १९३४ साली कोर्टात त्यांची बाजू बाबासाहेबांनी मांडली. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव आणला. बाबासाहेब त्या दिवशी हजर नव्हते. त्यांचे भाषण रोहम यांनी वाचून दाखवले. त्या भाषणाचा गाभा स्त्रीचे शरीर आणि गरिबाचे घर हा आहे. प्रसूतीच्या वेदना पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून अधिक मुलाला कोणी तयार झाला नसता, असा रोखठोक मुद्दा त्यात आहे. ठराव फेटाळला गेला. पुढे शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या १९५१ च्या जाहीरनाम्यात लोकसंख्यावाढ हे गंभीर संकट मानले गेले, आणि जरूर तर कडक उपायांची तयारीही दाखवली गेली. हे शेवटचे कलम मी झाकून ठेवणार नाही. पण ते अशा काळी लिहिले गेले, की जेव्हा सरकारचा कुटुंबनियोजनाचा कार्यक्रमदेखील सुरू झालेला नव्हता. कडक उपाय राज्यकर्त्यांच्या हाती पडले म्हणजे काय होते, ते दिसायला आणखी पंचवीस वर्षे होती.

१९७२ साली दोन गोष्टी एकदमच घडल्या. 'क्लब ऑफ रोम'च्या वतीने 'वाढीच्या मर्यादा' या विषयावरचा प्रसिद्ध अहवाल निघाला: लोकसंख्या, कारखानदारी, प्रदूषण आणि साधनसंपत्तीचा उपसा असाच वाढत राहिला तर एका शतकाच्या आत जग आपल्या मर्यादेवर जाऊन आदळेल. त्याच वर्षी महाराष्ट्रात दुष्काळ पडला. जगातले पंडित वाढीच्या मर्यादांचे आलेख काढीत होते, तेव्हा आमची माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडीत होती आणि मिलो व सुकडी खात होती. मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबे त्या काळात पुण्या-मुंबईकडे सरकली. त्यांच्या दृष्टीने मर्यादा ही भविष्यातली भीती नव्हती. ती कालच येऊन गेली होती.

१९७४ साली बुखारेस्टच्या जागतिक लोकसंख्या परिषदेत भारताचे आरोग्यमंत्री डॉ. करणसिंग यांनी विकास हेच सर्वोत्तम संततिनियमन, असा विचार मांडला. दोन वर्षांत तो विचार गुंडाळला गेला. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. शहा आयोगापुढे नसबंदीशी संबंधित १७७४ मृत्यूंची नोंद आली. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत करणारे पहिले विधिमंडळ आपल्या पुरोगामी महाराष्ट्राचे होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा होऊ शकले नाही, एवढेच. शिक्षकांना 'केसेस' आणण्याचे आकडे ठरवून दिले गेले. शिक्षकाने केस कोठून आणायची ? सावकाराच्या वाड्यातून निश्चितच नव्हे. ज्याला 'नाही' म्हणायची सोय नव्हती, त्याच्याकडेच तो गेला. १९३८ साली जो प्रश्न स्त्रीच्या हक्काचा होता, तो १९७६ साली सरकारी वेठ होऊन परत आला.

वेठीचे सौम्य रूप अजून शिल्लक आहे. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेल्या माणसाला महाराष्ट्रात पंचायतीचा सदस्य होता येत नाही. राखीव जागेमुळे ज्या घरातून प्रथमच कोणी सरपंच होऊ शकेल, त्या घराच्या दाराशी ही अट उभी आहे. आणि किती मुले व्हावीत हे ज्या बाईला ठरवू दिले जात नाही, तिचीच उमेदवारी तिसऱ्या मुलामुळे रद्द होते. मोटारी किती असाव्यात, एकर किती असावेत, पाणी किती उपसावे, याची अट घालून मात्र आजवर कोणाची उमेदवारी बाद झालेली नाही.

आता कुरुळीकडे येऊ. कारण वाढीचे प्रमेय तपासायला याहून चांगली जागा नाही. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. १९६१ च्या शिरगणतीत पिंपरी-चिंचवडच्या गावांची वस्ती चाळीस हजारांच्या आसपास होती. १९८२ साली महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या १७ लाखांच्या पुढे गेली. पन्नास वर्षांत चाळीसपटीहून अधिक. जागा अपुरी पडू लागल्यावर वाढीने इंद्रायणी ओलांडली. १९९० नंतर चाकणच्या भोवती महाळुंगे, खराबवाडी, निघोजे, कुरुळी या गावांच्या जमिनी उद्योगांकडे गेल्या, आणि देशी-विदेशी मोटारींचे कारखाने येथे उभे राहिले.

चाळीसपट माणसे आली कोठून ? ती काही पिंपरी-चिंचवडच्या आयांनी प्रसवली नाहीत. ती रस्त्याने आली: लातूर-नांदेडहून, बीड-परभणीहून, विदर्भातून, पुढे उत्तर प्रदेश-बिहारमधून. महाराष्ट्रातला जननदर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १.७ वर आलेला आहे. म्हणजे लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी लागणाऱ्या २.१ च्याही खाली. गरिबांच्या घरातही पाळणा लांबला आहे, आणि तो नसबंदीच्या पोलिसांनी लांबवलेला नाही; मुलीच्या शाळेने आणि दवाखान्याने लांबवला आहे. १९३८ च्या ठरावाचा हा विजय आहे, १९७६ च्या विधेयकाचा नव्हे. पण जननदर खाली आला म्हणून नदीवरचा बोजा कमी झाला आहे काय ? अलीकडच्या वर्षांत आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना साऱ्या महाराष्ट्राने पाहिला. माणसांची वाढ मंदावली. वस्तूंची, सांडपाण्याची आणि सिमेंटची वाढ मंदावली नाही. तेव्हा केवळ संख्येला दोष देणारा सिद्धान्त निदान या नदीकाठी तरी टिकत नाही.

पाण्याचा हिशोब तर रक्ताने लिहिलेला आहे. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद नळाने पाणी नेण्याच्या योजनेला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला, तेव्हा ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर पोलिसांच्या गोळीबारात तीन आंदोलक मरण पावले. आणि शहराची तहान ? नोव्हेंबर २०१९ मध्ये पिंपरी-चिंचवडमध्ये दिवसाआड पाणी सुरू झाले. शेतकरी, शहरातला चाकरमानी आणि कुरुळीच्या भाड्याच्या खोलीत टँकरची वाट पाहणारा कामगार या तिघांचीही तहान ज्या वाढीने भागली नाही, ती वाढ कोणाची, हा प्रश्न विचारणे देशद्रोह नव्हे. चवदार तळ्यावर १९२७ साली आपण पाणी कोणाचे असते, हाच प्रश्न विचारला होता.

जमिनीची कथा अधिक बोलकी आहे. १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात बाबासाहेबांनी मागणी केली होती की शेतजमीन राज्याच्या मालकीची व्हावी, आणि जातीचा भेद न करता गावकऱ्यांना सामुदायिक शेतीसाठी ती द्यावी. मूलभूत उद्योगही राज्याने चालवावेत. पुढे राज्याने जमिनी ताब्यात घेतल्याच. मात्र त्या महामंडळामार्फत ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने कारखानदारांना दिल्या. जमीन ज्याच्या नावावर होती त्याला मोबदला मिळाला. कमी मिळाला, उशिरा मिळाला, हे त्याचे गाऱ्हाणे खरे आहे. पण त्याच जमिनीवर पिढ्यान् पिढ्या खुरपलेल्या बाईचे नाव सातबाऱ्यावर नव्हते. शेत गेले तशी तिची मजुरी गेली, आणि तिच्या नावाचा धनादेश निघालाच नाही. भूसंपादनाच्या २०१३ च्या केंद्रीय कायद्याने प्रथमच शेतमजुराला 'बाधित' म्हटले. परंतु महामंडळ जमिनी घेते ते आपल्या १९६१ च्या कायद्याखाली. १९१८ चा उपाय असा अर्ध्यावर अडला. कारखाना आला. रिकाम्या हातांपैकी काहींना कायम काम मिळाले, पुष्कळांना ठेकेदाराकडची हजेरी मिळाली. महिना भरला की काम राहील की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो कामगार पाळीच्याच वतनावर जगतो आहे. आमच्या आजोबांच्या पाळीत आणि या पाळीत फरक एवढाच की या पाळीला गणवेश आहे.

यावर आमची तरुण मुले जो आक्षेप घेतात तो मोलाचा आहे. ती म्हणतात, 'वाढ थांबली तर पहिली हजेरी आमचीच तुटेल. ज्यांची घरे भरली त्यांनी आता मर्यादा शिकवायची, आणि ज्यांनी कधी पोटभर खाल्ले नाही त्यांनी ती पाळायची, हा कोणता न्याय ?' हा आक्षेप बरोबर आहे, आणि वाढीच्या विरोधात लिहिणाऱ्या प्रत्येकाने तो भिंतीवर लावून ठेवला पाहिजे. मंदी आली की ठेकेदारी कामगार आधी जातो, हे खरेच आहे. पण यातून निघणारा निष्कर्ष 'म्हणून वाढत राहा' हा नाही. वाढ जोरात होती तेव्हाही त्याची हजेरी कायम झाली नाही, हे त्याच अनुभवाचे दुसरे अंग आहे. तेव्हा आधी वाढू द्या, मग वाटू, हा वायदा आता पुरेसा जुना झाला आहे. वाटणीचा प्रश्न पुढे ढकलण्याचे साधन म्हणूनच वाढ वापरली गेली आहे.

म्हणून मला वाटते, मर्यादेचा विचार आपण परक्यांच्या हाती सोडू नये. तो आपला विचार आहे, आणि त्याच्या अटी आपण घातल्या पाहिजेत. नदीत पाणी किती आणि ते प्रथम कोणाला, हे ठरल्याशिवाय नवा भूखंड देऊ नये. ९५ वर्षांच्या भाड्यात भूमिहीनाचा हिस्सा असावा. कायम स्वरूपाच्या कामावर कायम कामगार असावा. विनाकामाची साठवलेली जमीन आणि रिकामी पडलेली घरे यांवर बंधन यावे. मूल हवे की नको, हा निर्णय बाईचा असावा. सरकारचा नको, नवऱ्याचा नको आणि धर्मरक्षकांचाही नको. आणि एवढे झाल्यावर वस्तूंची वाढ मंदावली तरी आमचे काही बिघडणार नाही. कारण आम्हाला हवी होती ती प्रतिष्ठेची वाढ होती, आणि तिला नदी उपसावी लागत नाही.

बुद्धाने दारिद्र्याचे गोडवे गायले नाहीत, हे बाबासाहेबांनी आवर्जून सांगितले. पण तृष्णेला शेवट नसतो हेही बुद्धानेच सांगितले. दीघनिकायातल्या अग्गञ्ञ सुत्तात एक कथा आहे. भात आपोआप उगवत होता. सकाळी न्यावा, संध्याकाळी पुन्हा तयार. मग एकाला आळस आला, त्याने दोन वेळचा भात एकदम नेला. दुसऱ्याने दोन दिवसांचा नेला. साठवण सुरू झाली तसा भात उगवेनासा झाला. तेव्हा लोकांनी बांध घातले, आणि बांधांबरोबर चोरी आली. टंचाईचा उगम या कथेत माणसांच्या संख्येत नाही, साठवणीत आहे.

पूर्वी दोन गावांत शिवेचा तंटा पडला की महाराला बोलावीत. शीव कोठून जाते हे त्यालाच ठाऊक असे, आणि त्याची साक्ष मानली जाई. साऱ्या गावाची हद्द सांगणाऱ्या त्या माणसाची स्वतःची जमीन हाडोळ्यापुरती होती, म्हणूनच कदाचित त्याच्या शब्दावर विश्वास असे. आज तंटा गावागावांतला नाही. माणसाचा आणि पृथ्वीचा आहे. वाढीची शीव कोठे पडते हे ज्यांनी ती ओलांडून घरे भरली ते सांगू शकणार नाहीत. ज्यांच्या वाट्याला ती नेहमीच अलीकडे आली, त्यांनीच आता ती दाखवली पाहिजे. फक्त या वेळी साक्ष देऊन परत वेशीबाहेर जायचे नाही.